डबा रिकामा पाठवू नये

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच होती आणि ती चार बोटांच्या वर उघडत नसे. त्यामुळे सकाळी लिन्हने माशाचं सॉस तव्यावर ओतलं की दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर व्हिएतनाम दरवळायचा, आणि मी इंद्याळाच्या झणझणीत कालवणात व्हिनेगर घातलं की तीच लिन्ह टी-शर्ट नाकावर ओढून खोकत, हसत बाहेर पळायची. पॅरामाटाच्या पलीकडे, रेल्वेलाइनला लागून असलेली ती इमारत परदेशी विद्यार्थ्यांसाठी बांधलेली होती. रूम छोट्या, भिंती पातळ, एकाला शिंक आली की दुसऱ्याने ‘ब्लेस यू’ म्हणावं अशा. पण स्वयंपाकघर मात्र ऐसपैस. मधोमध लांबच लांब टेबल, भिंतीशी घरघरणारे तीन फ्रीज, आणि छताला तो राक्षसी स्मोक अलार्म. फोडणीचा धूर दिसला की तो अशी बोंब मारायचा की सगळी इमारत रस्त्यावर उतरायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात मोहरीपायी मी आख्ख्या इमारतीला पायजम्यावर रस्त्यात उभं केलं होतं. तेव्हापासून फोडणी करताना कोणीतरी अलार्मखाली ताट घेऊन वारा घालत उभं राहायचं. आजही टूनगॅबीच्या घरात मी तेल तापवलं की आधी मान वर करून छताकडे बघते. माझी मुलगी म्हणते, “मम्मा, relax, it’s not going to arrest you.”

मी त्या मजल्याची सीनियर रेसिडेंट होते. म्हणजे पुढारी म्हणा, मॉनिटर म्हणा, नाहीतर सगळ्यांची बिनपगारी आत्या म्हणा. माझी पात्रता एवढीच की मला मोठ्याने बोलता येतं. वसईत आमच्या आळीत हळू बोलणाऱ्याला जेवायला मिळत नसे. भांडी कोणी घासली नाहीत, कोणाचं दूध कोणी प्यायलं, कोण परीक्षेच्या आदल्या दिवशी रडतंय, हे बघणं माझं काम. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. मार्कोस आला त्या दिवशी दारावरची माझी पाटी त्याने मोठ्याने वाचली, “एलिना लोपीस?” आणि भारतातली मुलगी लोपीस कशी, हे ऐकायला अर्धा तास टेबलाशी बसला. तो ब्राझीलचा. शेवटी म्हणाला, म्हणजे तुझे आणि माझे पोर्तुगीज एकाच बोटीतून निघाले आणि भांडून दोन दिशांना गेले. तेव्हापासून तो मला ‘प्रीमा’ म्हणू लागला. त्यांच्याकडे चुलत-मामेबहिणीला तसं म्हणतात. गोड खाण्याचा त्याला भारी नाद. आमच्याकडे नाताळच्या कुसवाराचं, म्हणजे फराळाचं, ताट असं समोर आलं असतं तर त्याने ताटसुद्धा चाटलं असतं.

मग ती साथ आली आणि इमारत ओसरू लागली. ब्लॅकटाउनला काका, केलीव्हिलला मावशी असलेले सगळे दोन-दोन बॅगा घेऊन तिकडे गेले. ज्यांच्या देशांची विमानं अजून सुरू होती ते घाईघाईने घरी पळाले. राहिलो ते कुठेच जायला नसलेले. युनिचे वर्ग लॅपटॉपवर, कामं बंद किंवा अर्धी, रस्ते असे सुनसान की रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा टकटक आवाज चौथ्या मजल्यावर यायचा. आम्ही दिवसभर नळ पुसायचो, दाराच्या मुठी पुसायचो, आणलेले टोमॅटो साबणाने धुवायचो. कोणी घसा खाकरला की टेबल रिकामं व्हायचं. लोक माणसापेक्षा वस्तूंना जास्त भीत होते त्या दिवसांत, आणि आम्हीही त्यातलेच.

मार्कोस तर नुसता विमानांच्या वेळा बघत बसायचा. त्याची आई तिकडे दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्या असं सांगितलं होतं. ते कशासाठी सांगतात हे कोणाला समजावावं लागत नाही. त्याची दोन तिकिटं विमानंच रद्द झाल्यामुळे गेली होती. तिसरं मिळालं तेव्हा त्याने मला स्वयंपाकघरात उचलून गरगर फिरवलं. मी ओरडले, अरे दीड मीटर अंतर! पण मला रडू येत होतं. बॅग त्याने त्याच दिवशी भरून दाराशी उभी केली.

मजल्याच्या टोकाच्या रूममध्ये मानसी राहायची. कराडची, आमच्यात सगळ्यांत लहान. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या शिफ्टला जायची. बोलायला लाघवी आणि रीतभातीची तर इतकी पक्की की आधी सगळ्यांना वाढल्याशिवाय घास घेत नसे. मला ‘एलिनाताई’ म्हणायची. त्या देशात ताई म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे मी तिच्यावर जरा जास्तच हुकूम सोडायचे. तिच्या कामावरची एक बाई पॉझिटिव्ह निघाली आणि फोन आला की मानसीने रूमबाहेर पडायचं नाही. त्या रूमला स्वतःचं बाथरूम होतं, तेवढं नशीब. ती कामावरून आली ती थेट आत गेली, टेबलाकडे फिरकलीसुद्धा नाही. आमच्या मॅनेजर हेलनने नियम सांगितले. जेवण दाराबाहेर खुर्चीवर ठेवायचं, ठेवणाऱ्याने बाजूला झाल्यावर तिने दार उघडायचं, जेवण फेकून द्यायच्या खोक्यातूनच जाईल, आणि कचऱ्याच्या बांधलेल्या पिशवीशिवाय आतलं काहीही बाहेर येणार नाही. मी सगळ्यांच्या पाळ्या लावल्या.

दोन-तीन दिवस सगळं सुरळीत गेलं. मग खोकी संपली. त्या दिवशी पाळी लिन्हची होती. मी बाहेर सामान आणायला गेले होते. लिन्हला वाटलं, बिचारी एकटी आहे, तिला घरचं काहीतरी दिसावं. तिने रॅकवरचा मानसीचाच स्टीलचा डबा घेतला, त्यात भात आणि भाजी भरली आणि तो खुर्चीवर ठेवला. संध्याकाळी डबा खुर्चीवर परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि आत टिश्यूवर दोन राजगिऱ्याचे लाडू. लिन्हला ते इतकं गोड वाटलं की ती डबा मिरवत स्वयंपाकघरात आली. एक लाडू तिने खाल्ला, एक मार्कोसने. मी परत आले तेव्हा मार्कोस बोटाला चिकटलेले दाणे टिपत होता. डबा बघून मी हातातल्या पिशव्या दारातच टाकल्या. दुसऱ्या दिवशी मानसीला ताप भरला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

आरोग्य खात्यातल्या नर्सचा फोन आम्ही टेबलावर स्पीकरवर ठेवला होता. सगळे भिंतींना टेकून लांब लांब उभे. ती शांत आवाजात एकेक विचारत होती. मानसी आत गेल्यापासून तिला कोणी भेटलं का? नाही. कोणी रूममध्ये गेलं का? नाही. रूममधून काही बाहेर आलं का? मी तोंड उघडणार तोच लिन्ह म्हणाली, “Sweets. दोन. आम्ही खाल्ले.” नर्स म्हणाली, ज्यांनी खाल्लं त्या दोघांनी आता आपापल्या रूममध्ये जावं, पूर्ण दोन आठवड्यांची मुदत, बाथरूमखेरीज बाहेर पडायचं नाही. मार्कोस म्हणाला, “माझं फ्लाइट आहे, या आठवड्यात.” ती म्हणाली, “I’m so sorry, darling.” पुन्हा तेच म्हणाली. मार्कोस त्याच्या रूममध्ये गेला. दार लावताना त्याने दाराशी उभी असलेली बॅग पायाने आत ढकलली.

आता लाडवाने कोणाला काही होतं का, हे आज मला कोणी विचारलं तर मी हसेन. त्या दोघांना काहीही झालं नाही, शेवटपर्यंत. पण तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं आणि नर्सनेही जोखीम घेतली नाही. तिला दोष कसा द्यावा?

मी मानसीला तिच्या दाराबाहेर उभी राहूनच फोन लावला. आवाज फोनमधूनही येत होता आणि दारातूनही.

“मानसी, डब्यात लाडू तू घातलेस?”

“हो ताई. का गं? त्यांना आवडले नाहीत?”

“बाहेर काही पाठवायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

“पण ताई, खोकी असतात तेव्हा टाकूनच देते मी. हा डबा होता.” खोकला आला म्हणून ती थांबली. “साबणाने दोनदा घासला. सॅनिटायझरने पुसला. लाडू चिमट्याने ठेवले, हात पण नाही लावला. रिकामा कसा पाठवू?”

माझा राग असा उसळला की दारावर लाथ मारावी. जगाला आग लागली आहे आणि ही बाई रीत सांभाळत बसली! आणि त्याच क्षणी मला हेही कळत होतं की मी असते तर मीही हेच केलं असतं. आमच्या वसईत शेजारून कालवण आलं की वाडगा रिकामा परत जात नाही. चार मिरच्या, एखादं लिंबू, घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर. हे कोणी शिकवत नाही, हातालाच माहीत असतं. हेलनच्या नियमांत डब्याचा उल्लेखच नव्हता, कारण तिच्या देशात डब्याला काही अर्थ नव्हता. मी मानसीला मार्कोसच्या विमानाचं सांगितलं. मग ती अशी रडायला लागली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

हेलन दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आली आणि मला खाली बोलावलं. आम्ही दोन बाकांवर लांब लांब बसलो. हेलन बाई चांगली, मुलांना नावाने ओळखणारी, पण नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारी. म्हणाली, “Look, love, मला हे आवडत नाही. पण करारात लिहिलंय. आयसोलेशन मोडलं, त्यात दुसऱ्याचं नुकसान झालं आणि त्याने तक्रार केली, तर मला तिची रूम काढून घ्यावी लागेल. बरी झाल्यावर. मार्कोसने माझ्याकडे तक्रारीचं विचारलंय.” मी विचारलं, मग ती जाणार कुठे? हेलन हातमोजे ओढत राहिली. भारताची विमानं बंद होती. मी माझ्यापरीने सगळीकडे फोन केले. चर्चमधल्या ओळखीच्या बाई, टूनगॅबीतलं एक पुण्याचं कुटुंब, हॅरिस पार्कमधली रूम भाड्याने देणारी मुलं. सगळे आधी “हो हो, नक्की” म्हणायचे. मग विचारायचे, पॉझिटिव्ह होती का? आणि मग “बघतो हं, कळवतो.” कोणी कळवलं नाही.

मजल्यावर दोन तट पडले. काही जण मार्कोसच्या बाजूने, आणि त्यांचं काय चुकत होतं? काही जण गप्प, पण मानसीच्या खुर्चीवर जेवण ठेवायला आता कोणीच तयार नव्हतं, म्हणून तिन्ही वेळचं मीच नेऊ लागले. मानसीही काही कमी नव्हती. तापात बडबडल्यासारखी म्हणाली, “ताई, त्याने तक्रार करायच्या आधी मीच जाते. बाहेर निघून.” मी म्हटलं, “कुठे? ट्रेनमध्ये झोपणारेस? गप पड तिथे.” तिला मार्कोसला फोन करून माफी मागायची होती. मी करू दिला नाही. माफी मागणाऱ्याला हलकं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला अजून एक ओझं उचलावं लागतं. त्याच्या पाठीवर आधीच पुरे होतं.

पण मी मात्र गेले. राहवलं नाही. त्याच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसले आणि म्हटलं, “मार्कोस.”

“लीडर म्हणून आलीस का प्रीमा म्हणून?” तो दाराला अगदी लागून बसलेला असावा, आवाज कानाशी आला.

“दोन्ही.”

“मग दोघी परत जा.”

मी हलले नाही. मी त्याला डब्याची रीत सांगितली. वाडगा, मिरच्या, चिमूटभर साखर, सगळं. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की मी वकिली करतेय. तो शेवटपर्यंत ऐकून घेत होता.

“सुंदर रीत आहे,” तो म्हणाला. “माझ्या आईला आवडली असती. तिला सांगेन, दोन आठवडे ती थांबली तर.”

“मार्कोस, मानसीला दुसरी जागा मिळणार नाही.”

“तू तिच्या बाजूची आहेस. तुमची भाषा एक आहे. माझ्या बाजूचं या मजल्यावर कोण आहे, सांग.” मग म्हणाला, “तुझी आई असती तर?”

माझी आई तेव्हा वसईत होती, धडधाकट, रोज फोनवर मला वाफ घे म्हणून बजावणारी. पुढारीपण म्हणजे योग्य वेळी योग्य बोलणं असं मला तोवर वाटायचं. त्या जमिनीवर बसून मला कळलं की काही वेळा दोन माणसं बरोबर असतात आणि तुमच्याकडे एकच रूम असते. मी उठले आणि जाताना एवढंच म्हटलं, “तू तक्रार केलीस तरी मी तुझं जेवण आणत राहीन.” मी स्वयंपाकघरात जाऊन भात लावला.

त्याचं विमान ज्या सकाळी गेलं, त्याच दुपारी हेलनने व्हिडिओवर मीटिंग ठेवली. “दिस आरवो, फक्त आपण चौघं,” तिने कळवलं. दुपारला तिथे आरवो म्हणतात. तिला ती तारीख टाळायची होती, पण करारातली तक्रारीची मुदत संपत होती. पडद्यावर चार चौकोन. हेलन तिच्या घरातून, मागे तिचा कुत्रा. मी स्वयंपाकघरातून. मानसी बेडवर उशीला टेकून, केस तेल न लावलेले, चेहरा एवढासा झालेला, हात जोडलेले आणि ते जोडले आहेत हे तिला ठाऊकही नसावं. मार्कोस दाढी वाढलेला, खिडकीकडे तोंड करून. हेलनने नियम वाचून दाखवला. मग म्हणाली, “मार्कोस, तुझी तक्रार आहे का? वेळ घे.”

त्याने वेळ घेतला. बाहेरून मालगाडी गेली, ती आधी माझ्याकडून ऐकू आली आणि मग मानसी आणि मार्कोसच्या चौकोनांतून. मानसी डोळे मिटून बसली होती. मला ओरडून काहीतरी बोलावंसं वाटत होतं आणि मी हाताने तोंड दाबून धरलं होतं.

“No,” मार्कोस म्हणाला. “तक्रार नाही.” आणि त्याचा चौकोन काळा झाला.

हेलन रडत हसली, मानसी “थँक्यू, थँक्यू” म्हणत राहिली, कोणाला ते तिलाही माहीत नसावं. मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. त्याच्या दाराशी पोचल्यावर मला सुचेना की आभार मानायचे का. आभार मानले असते तर पुन्हा मी तिच्याच बाजूची ठरले असते. म्हणून मी नुसतं विचारलं, “का?”

“आज सकाळी आईशी बोललो,” तो आतून म्हणाला. “नर्सने फोन धरला होता. मी सांगितलं, येत नाही. का, ते पण सांगितलं. सगळं. तक्रारीचं, रूमचं पण. मला वाटलं ती रडेल, नाहीतर त्या मुलीला शिव्या देईल. मला हवंच होतं तिने शिव्या द्याव्यात. तिला बोलायला दम लागतो, माहितेय ना तुला. तर एवढ्या कष्टाने तिने एकच विचारलं. म्हणाली, मग ती पोरगी आता कुठे जाणार?”

मी कपाळ दाराला टेकवलं.

“मी म्हटलं, मला माहीत नाही, ममा. तर म्हणाली, माहीत नाही म्हणजे काय, विचार कोणालातरी, आणि मला सांग.” आता आवाज माझ्या ओळखीच्या मार्कोसचा होता. “तर सांग, प्रीमा. काय सांगू तिला?”

“कुठे नाही,” मी म्हटलं. “इथेच आहे म्हणून सांग.”

तो निरोप त्याने तिकडची सकाळ होताच दिला. आई हसली, असं त्याने मला नंतर सांगितलं. पुढच्या रविवारी ती गेली, आणि मार्कोसची मुदत संपायला तेव्हा अजून दोन दिवस होते.